चेंडू झेलतो म्हणजे दोन्ही डोळे चालतात, असं नाही

पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरतोय: ‘मूल जिना नीट उतरतं, चेंडू झेलतं, म्हणजे त्याला अंतर कळतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी माशीचं चित्र दाखवून डोळे तपासणं म्हणजे पैसे उकळणं. अक्षरं वाचायला लागलं की बघू. लवकर चष्मा लावला तर नंबर वाढतो.’ मी रोज लहान मुलांचे डोळे तपासते. हे वाचून थांबलेले पालक उशिरा येतात, म्हणून लिहायला बसले.

आधी जिना आणि चेंडू. अंतराचा अंदाज एका डोळ्यानेही बऱ्यापैकी येतो. जवळ येणारा चेंडू मोठा होत जातो, पायरीला सावली असते, पुढची वस्तू मागचीला झाकते. ज्याचा एक डोळा पहिल्यापासून धूसर बघतो, ते मूल याच खुणांवर वाढतं आणि तक्रारही करत नाही, कारण त्याला दुसरं काही माहीतच नसतं. दोन डोळ्यांनी मिळून जाणवणारी खोली, म्हणजे कोणती वस्तू किती पुढे-मागे आहे याची बारीक जाण, वेगळी. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा.

तीच खोली माशीच्या चाचणीत कळते. टिटमस नावाच्या या चाचणीच्या पुस्तकात मोठी माशी असते, मुलाला काळसर चष्मा लावायचा आणि ‘पंख धर’ म्हणायचं. दोन्ही डोळे एकत्र काम करत असले तर चिमटी कागदाच्या वर, हवेतच मिटते. एका चार वर्षांच्या मुलीने बोट सरळ कागदावर टेकवलं. उजवा डोळा झाकला तर खुशाल बोलत राहिली. डावा झाकताच मान मागे, माझा हात ढकलला. तिची आई म्हणाली, ‘अहो, टीव्हीवरची बारीक चित्रंसुद्धा ओळखते ती.’ ओळखत होती, डाव्या डोळ्याने. डोळे तिरळे नव्हते, फक्त उजव्याचा नंबर मोठा होता.

माशी दिसली म्हणजे सगळं ठीक, असंही मी म्हणणार नाही. ती चाचणी ढोबळ आहे, आणि दोन्ही डोळ्यांना सारखाच नंबर असला तर मूल त्यातून सहज सुटतं. म्हणून प्रत्येक डोळा झाकून वेगळा तपासायचा. त्यासाठी अक्षरं लागत नाहीत: घर, सफरचंद, गोल, चौकोन यांतलं कोणतं दिसतंय ते हातातल्या कार्डावर बोटाने दाखवलं की झालं.

चष्म्याने नंबर वाढत नाही. वाढत्या वयात डोळा वाढतो, त्याबरोबर नंबर बदलतो. थांबल्याने मात्र आळशी डोळा, म्हणजे धूसर दिसतं म्हणून मेंदू ज्याचा नीट वापरच करत नाही तो, आळशीच राहतो. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, हा उपचार सातव्या वर्षाच्या आत सर्वांत चांगला लागू पडतो. नंतरही काही मुलांना फायदा होतो, पण कमी.

पैशांचं म्हणाल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचं असतं, तपासणी मोफत असते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि ‘एकेक डोळा झाकून बघाल का?’ असं तिथे जरूर विचारा.