दिवेकर फक्त चित्पावन?

आडनावांवरच्या लेखात ‘दिवेकर म्हणजे दिवेआगरचे चित्पावन’ एवढं सांगून विषय संपवलाय, ते अर्धंच झालं. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंमध्येही दिवेकर आहेत. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ साली मांडवीत बांधलं ते सामाजी हसाजी दिवेकर यांनी, म्हणजे सॅम्युअल इझिकिएल. नावं बघा ना, सॅम्युअलचा सामाजी, इझिकिएलचा हसाजी!

आता किहीमकर घ्या, हे आडनाव तर फक्त बेने इस्रायलींमध्येच ऐकलंय मी. माझं माहेर अलिबागजवळचं, किहीम हाकेच्या अंतरावर. पण खुद्द किहीममध्ये कोण कोणाला किहीमकर म्हणणार? गावात हे लोक तेलाचा घाणा चालवायचे, शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी तो बंद, म्हणून ‘शनिवार तेली’. गाव सोडून मुंबईत आल्यावर, कोण कुठला हे सांगायची वेळ आली तेव्हा ‘कर’ चिकटलं. पेणकर, रोहेकर, नवगावकर, सगळ्यांचं तेच. म्हणून ही आडनावं मूळ कुळाची नव्हेत, शेवटी सोडलेल्या गावाची आहेत. मूळ सांगायचं तर त्यांची परंपरा नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या, ज्यातून त्यांचे पूर्वज वाचले असं मानतात त्या जहाजापर्यंत जाते.

१९४८ नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली. अलिबागच्या इस्रायल आळीत सिनेगॉग आहे, आळीचं नावही तेच आहे, पण माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. किहीमकर शोधायचे तर आता किहीमपेक्षा तिकडे इस्रायलमधल्या अश्दोद, लोदला सापडतील. आणि मराठीत बोलतील, निदान म्हातारी माणसं तरी.