‘तक्ता पाठ करा, अर्थ सोडून द्या’: डायरेक्ट-इनडायरेक्टबद्दलच्या एका दाव्याचा प्रतिवाद

माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्यांमध्ये आणि पालकांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षे हातोहात फिरतो आहे. त्याचे शब्द दर वेळी थोडे बदलतात, पण म्हणणे एकच असते. डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीच (प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष कथन) हा पंधरा मिनिटांचा विषय आहे, त्यात अर्थ समजून घेण्याची गरज नाही, बदलांचा तक्ता पाठ केला की झाले. अवतरणचिन्हे काढावीत आणि ‘दॅट’ घालावे. टेन्स नेहमी एक पायरी मागे न्यावा, अपवाद फक्त वैश्विक सत्याचा. ‘नाऊ’चे ‘देन’, ‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’, ‘हिअर’चे ‘देअर’ डोळे मिटून करावे. ‘सेड टू’चे ‘टोल्ड’ आणि उद्गाराचे ‘एक्स्क्लेम्ड विथ जॉय’ करावे. मराठीत अप्रत्यक्ष कथनच नसल्यामुळे मराठीतून समजावण्याच्या फंदात पडू नये. शेवटी, शक्य तितकी वाक्ये उलटसुलट बदलून घ्यावीत, म्हणजे गुण कुठे जात नाहीत.

या मजकुरातली काही विधाने अर्धी खरी आहेत आणि म्हणूनच तो टिकून आहे. मात्र ज्या पायावर तो उभा आहे, तो पाया चुकीचा आहे. रिपोर्टेड स्पीच, म्हणजेच इनडायरेक्ट स्पीच, हे एका वाक्याचे दुसऱ्या वाक्यात यांत्रिक रूपांतर नव्हे. एकाने एका ठिकाणी, एका वेळी म्हटलेली गोष्ट दुसरा माणूस दुसऱ्या ठिकाणाहून, दुसऱ्या वेळी सांगतो, आणि सांगणाऱ्याची जागा बदलल्यामुळे शब्द बदलतात. ही जागा कोणती, हे ठाऊक नसताना वाक्य ‘बदलणे’ शक्यच नसते.

पहिला मुद्दा अवतरणचिन्हांचा. ही चिन्हे लिखाणापुरती असतात. बोलताना ती कोणाला ऐकू येत नाहीत. मराठीत तर विरामचिन्हांची पद्धत एकोणिसाव्या शतकात, इंग्रज अधिकारी आणि मराठीचे कोशकार मेजर थॉमस कँडी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून, इंग्रजीवरून रुळली. त्याआधीही मराठी माणसे एकमेकांचे बोलणे सांगतच होती. ‘दॅट’चेही तसेच आहे. ‘शी सेड शी वॉज टायर्ड’ हे ‘दॅट’शिवायचे वाक्य पूर्णपणे शुद्ध आहे आणि बोलण्यात तेच अधिक आढळते. प्रश्न सांगताना तर ‘दॅट’ येतच नाही. तिथे ‘इफ’, ‘व्हेदर’ किंवा मूळचाच प्रश्नार्थक शब्द येतो आणि वाक्यातली शब्दांची जागा साध्या विधानासारखी होते. ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ या प्रश्नाचे ‘ही आस्क्ड मी व्हेअर डिड आय लिव्ह’ असे रूप मुले लिहितात, कारण चिन्हे काढण्यापलीकडे काही घडते हे त्यांना कोणी दाखवलेलेच नसते.

टेन्सचा मुद्दा सर्वांत मोठा आहे, त्यामुळे त्याला अधिक जागा देणे भाग आहे. डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी १९२४ सालीच अप्रत्यक्ष कथनातल्या काळाच्या या सरकण्याची स्वतंत्र चर्चा केली होती. म्हणजे विषय नवा नाही, तरी तक्त्याने तो ‘नेहमी एक पायरी मागे’ या चार शब्दांत कोंबला आहे. मुळात रिपोर्टिंग व्हर्ब, म्हणजे दुसऱ्याचे बोलणे सांगणारे ‘से’सारखे क्रियापद, वर्तमानकाळी असेल, ‘शी सेज’ किंवा ‘शी हॅज सेड’ असे, तर काहीच मागे जात नाही. रिपोर्टिंग व्हर्ब भूतकाळी असले तरी सांगितलेली गोष्ट अजून खरी असल्यास वर्तमानकाळ ठेवता येतो, आणि इथे केवळ वैश्विक सत्याचाच संबंध नसतो. ‘ही सेड हिज सिस्टर लिव्ह्ज अब्रॉड’ यात कसलेही वैश्विक सत्य नाही. बहीण आजही परदेशी राहते, एवढेच.

वैश्विक सत्याच्या अपवादातही एक गंमत आहे. सत्य कोणाच्या मते? प्राचीन खगोलशास्त्रज्ञ टॉलेमी याच्या दृष्टीने सूर्य पृथ्वीभोवती फिरतो हेही वैश्विक सत्यच होते. तरीही आज आपण ‘टॉलेमी सेड दॅट द सन वेंट राउंड द अर्थ’ असेच म्हणू. ‘गोज’ म्हटले, तर आपणही ते मानतो असे वाटेल. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ साली प्रसिद्ध झाला; त्याचे मत सांगताना ‘द अर्थ गोज राउंड द सन’ आणि ‘वेंट राउंड द सन’ हे दोन्ही चालते. म्हणजे काळाची निवड मूळ विधानावर ठरत नाही, तर सांगणाऱ्याने त्या विधानाशी किती अंतर ठेवले आहे यावर ठरते. ‘ही सेड द लायब्ररी इज क्लोज्ड’ म्हणणारा त्या बातमीची थोडी जबाबदारी घेतो. ‘वॉज क्लोज्ड’ म्हणणारा ती घेईलच असे नाही.

पायरीच्या नियमाने आणखी तीन ठिकाणी वाक्ये मोडतात. ‘यू मस्ट फिनिश धिस’ मधल्या ‘मस्ट’चे ‘हॅड टू’ होऊ शकते, कारण तिथे सक्ती आहे. परंतु ‘यू मस्ट बी टायर्ड’ मधला ‘मस्ट’ अंदाजाचा आहे. त्याचे ‘शी सेड आय हॅड टू बी टायर्ड’ केले, तर दमण्याची सक्ती झाल्यासारखे होते. तो ‘मस्ट’ तसाच राहतो. दुसरे ठिकाण जर-तरच्या वाक्यांचे. ‘इफ आय हॅड विंग्ज, आय वुड फ्लाय’ हे कल्पनेतले वाक्य आहे. त्यातला भूतकाळ हा काळाचा नव्हे, तर कल्पनेचा आहे. ते पायरीने मागे नेऊन ‘इफ ही हॅड हॅड विंग्ज, ही वुड हॅव फ्लोन’ केले, की होऊन गेलेल्या संधीबद्दलची हळहळ होते, जी बोलणाऱ्याच्या मनात नव्हतीच. तिसरे ठिकाण साध्या भूतकाळाचे: संदर्भ स्पष्ट असेल तर तो ‘हॅड’ने मागे नेणे ऐच्छिक आहे. ‘आय वॉज बॉर्न इन २०१०’ याचे ‘शी सेड शी वॉज बॉर्न इन २०१०’ हेच नैसर्गिक रूप आहे. तक्ता मात्र इथेही ‘हॅड बीन बॉर्न’ मागतो.

‘डोळे मिटून बदला’ हा तिसरा मुद्दा प्रत्यक्षात काय करतो, हे एकदा मी वर्गातच पाहिले. एके दिवशी नववीच्या एका विद्यार्थिनीला मी मार्गिकेत थांबवून निरोप दिला: ‘आय ॲम कमिंग टू युअर क्लास टुमॉरो. ब्रिंग युअर डिक्शनरीज.’ मुलगी हुशार होती, आदल्या आठवड्यातल्या चाचणीत तिला या प्रकरणात पैकीच्या पैकी गुण होते. तिने पाच मिनिटांत वर्गात जाऊन फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले: ‘टीचर सेड दॅट शी वॉज कमिंग टू देअर क्लास द नेक्स्ट डे अँड टोल्ड देम टू ब्रिंग देअर डिक्शनरीज.’ तक्त्याच्या हिशेबाने या वाक्यात खोडण्यासारखे काहीच नाही. पण मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, ‘अगं, देअर म्हणजे कोणाचा वर्ग?’ दुसऱ्याने विचारले, ‘वॉज कमिंग म्हणजे आता येणार नाहीत का?’ शब्दकोश कोणीच आणले नाहीत. त्याच दिवशी, त्याच वर्गात, त्याच मुलांना निरोप सांगायचा असल्यामुळे योग्य वाक्य होते: ‘टीचर सेज शी इज कमिंग टू अवर क्लास टुमॉरो, अँड वी हॅव टू ब्रिंग अवर डिक्शनरीज.’ ‘टुमॉरो’ तसाच राहतो, कारण सांगताना अजून तो ‘उद्या’च आहे. हाच निरोप महिन्याभराने दुसऱ्या शाळेतल्या मैत्रिणीला सांगायचा झाला, तर ‘द नेक्स्ट डे’ हवा. निरोप परवा सांगायचा झाला, तर ‘यस्टरडे’ हवा. ‘हिअर’ आणि ‘कम’ यांचेही असेच आहे: सांगणारा मूळ जागीच उभा असेल, तर ‘हिअर’चे ‘देअर’ करणे ही सरळ चूक ठरते.

‘सेड टू’चे ‘टोल्ड’ यावर वाद घालण्याइतके काही नाही. ‘टेल’ला ऐकणारा माणूस लागतो, ‘से’ला लागत नाही, एवढे सांगितले की ‘ही टोल्ड दॅट’ ही चूक थांबते. तक्त्याने ती थांबत नाही. ‘एक्स्क्लेम्ड विथ जॉय’ मात्र सोडून देता येणार नाही. असे वाक्य पाठ्यपुस्तकाबाहेर क्वचितच भेटते, कारण माणसे उद्गार सांगत नाहीत, त्यातले कृत्य सांगतात. ‘थँक यू सो मच!’ याचे ‘शी थँक्ड मी’ होते, ‘सॉरी’चे ‘ही अपॉलोजाइज्ड’ होते, ‘लेट्स गो’चे ‘शी सजेस्टेड गोइंग’ होते. वचन देणे, नाकारणे, कबूल करणे, बजावणे, सुचवणे यांसाठीची क्रियापदे हा या प्रकरणाचा खरा ऐवज आहे आणि प्रत्येकाची रचना वेगळी आहे. ‘प्रॉमिस्ड’ आणि ‘रिफ्यूज्ड’पुढे ‘टू’ येतो, ‘डिनाइड’पुढे येत नाही, आणि ‘सजेस्टेड मी टू गो’ ही तर आपल्याकडच्या मोठ्या माणसांच्या पत्रांतही भेटणारी चूक आहे. तक्त्यात या क्रियापदांना जागाच नसते.

मराठीत अप्रत्यक्ष कथन नाही, हे विधान तर सरळसरळ खोटे आहे. ‘ती दमली आहे असे ती म्हणाली’ हे काय आहे? फरक इतकाच, की मराठीत आतल्या वाक्याचा काळ बोलणाऱ्याच्या क्षणाला धरून राहतो. तिने काल म्हटले असले तरी आपण ‘दमली आहे’ असेच सांगतो. ‘ती दमली होती असे ती म्हणाली’ म्हटले, तर त्याआधी केव्हातरी दमली होती असा अर्थ होतो. इंग्रजीत ‘शी सेड शी वॉज टायर्ड’ हे त्याच क्षणाच्या थकव्याबद्दल असते. हा फरक न दाखवल्याने दुहेरी नुकसान होते. लिहिताना मुले ‘शी सेड दॅट आय ॲम टायर्ड’ लिहितात, कारण ‘ती म्हणाली की मी दमले आहे’ या वाक्यातला ‘मी’ मराठीत तिचाच असतो. उताऱ्यात ‘ही सेड ही वॉज इल’ वाचताना त्यांना तो पूर्वी आजारी होता असे वाटते आणि प्रश्नाचे उत्तर चुकते. ही चूक काळजीपूर्वक वाचणाऱ्या मुलांचीही होते, आणि ती मराठीतून पाच मिनिटांत दूर होते.

शिवाय मराठीत ‘म्हणे’ आहे. ‘तो म्हणे येणार नाही’ असे सांगणारा बातमी पोहोचवतो, पण तिची हमी घेत नाही. वर टेन्सच्या संदर्भात जे अंतर सांगितले, ते मुलांना ‘म्हणे’च्या वापरातून चांगलेच अंगवळणी पडलेले असते, इंग्रजीत त्या कामाचा काही भाग काळ मागे नेऊन होतो, इतकेच त्यांना नव्याने कळायचे असते. ‘म्हणे’ आणि इंग्रजी भूतकाळ यांचे काम तंतोतंत एक आहे असे नव्हे, पण दार उघडायला ही किल्ली पुरते.

शेवटचा मुद्दा उलटसुलट सरावाचा. डायरेक्टचे इनडायरेक्ट करण्याचा सराव उपयोगी आहे, आणि परीक्षेत तो विचारला जातो तोवर तो टाळताही येणार नाही. तक्ताही आठवण म्हणून शेवटी हाताशी असावा. आक्षेप आहे तो उलट दिशेला. ‘ही सेड ही हॅड सीन हर’ याचे मूळ वाक्य कोणते? ‘आय सॉ हर’, ‘आय हॅव सीन हर’ आणि ‘आय हॅड सीन हर’ ही तिन्ही. ‘शी थँक्ड मी’चे मूळ शब्द तर दहा असू शकतात. तरीही असे प्रश्न एकच उत्तर ‘बरोबर’ धरून तपासले जातात आणि बाकीची बरोबर उत्तरे लाल शाईने खोडली जातात.

मी आता सरावाचे वाक्य देताना त्याच्यावर एक ओळ लिहिते: कोण, कोणाला, कुठे आणि किती वेळाने सांगत आहे. ‘आय विल मीट यू हिअर टुमॉरो’ हे एकच वाक्य अशा तीन वेगवेगळ्या ओळींखाली दिले, की तीन वेगळी उत्तरे येतात. तासाला पंचवीसऐवजी सहाच वाक्ये होतात आणि उरलेला वेळ ‘इथे टुमॉरो का राहिला’ या वादात जातो.