सासऱ्यांच्या अंत्यविधीला किल्ट

किल्ट, म्हणजे स्कॉटलंडमधल्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, चुण्यांचा घागऱ्यासारखा पोशाख, घालून अंत्यविधीला जावं का, यावरून आमच्याकडे सासरी आणि माहेरी दोन्हीकडे वाद झाला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझे सासरे गेले. स्कॉटलंडच्या पर्थशायरमधल्या त्यांच्या गावी, चर्चच्या आवारात त्यांचं दफन झालं आणि नवरा तिथे किल्टमध्ये उभा होता. नणंदेचं म्हणणं होतं, "ते लग्नाचे कपडे आहेत, काळा सूट घाल." माहेरच्या ग्रुपवर फोटो बघून एकाने विचारलं, "वडील गेलेत आणि हा असला पोशाख?" माझं उत्तर दोघांनाही एकच आहे. किल्ट तिथे शोभतो, आणि इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा जास्त शोभतो.

नणंदेला तसं का वाटलं ते मला कळतं. आज स्कॉटलंडमधल्या बऱ्याच पुरुषांच्या अंगावर किल्ट चढतो तो लग्नातच, आणि तोही भाड्याने आणलेला. त्यावर चांदीसारख्या बटणांचं आखूड प्रिन्स चार्ली जॅकेट, बो टाय, पांढरे मोजे, पुढे कमरेला लटकवलेली फरची पिशवी म्हणजे स्पोरन. हा सगळा साज संध्याकाळच्या मेजवानीचा आहे. कबरीपाशी तो खटकणारच, पण त्याचा दोष किल्टवर कशाला? दुःखाच्या प्रसंगी साधं काळं किंवा गडद राखाडी जॅकेट, काळा टाय, साधा चामड्याचा स्पोरन आणि गडद मोजे घालतात. मोज्यात खोचायचा छोटा सुरा, स्किअन दू, नवऱ्याने घरीच ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं, त्यालाच नको वाटला.

किल्ट सासऱ्यांचाच होता. टार्टन म्हणजे चौकटींच्या नक्षीचं कापड; ह्याचा टार्टन ब्लॅक वॉच, म्हणजे गडद निळा, हिरवा आणि काळा, लांबून जवळजवळ काळाच दिसतो. जवळपास आठ वार लोकरीचं कापड, पुढून सपाट आणि मागे सगळ्या चुण्या. सासरे अंगाने भरलेले, म्हणून बक्कलं दोन बोटं सरकवून पुन्हा शिवावी लागली. आदल्या रात्री नवरा ओलं फडकं टाकून एकेक चुणी इस्त्रीने दाबत होता. चुण्या हलू नयेत म्हणून घातलेला कच्चा धागा त्याने सगळ्यात शेवटी उसवला. त्या तासाभरात तो वडिलांबद्दल जेवढं बोलला, तेवढं त्या आख्ख्या आठवड्यात बोलला नव्हता. कपाटातला काळा सूट काढून हे झालं असतं असं मला वाटत नाही.

ज्यांना हा फक्त आनंदाचा पोशाख वाटतो त्यांनी थोडा इतिहास बघावा. एप्रिल 1746 मध्ये कलोडनच्या माळावर गादी गमावलेल्या स्टुअर्ट घराण्यासाठी लढणाऱ्या जॅकोबाइट सैन्याचा पराभव झाला आणि त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून स्कॉटलंडमधल्या पुरुषांना हा हायलँडचा, म्हणजे तिथल्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागाचा, पोशाख बंद केला. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग, पुन्हा सापडला तर सात वर्षांसाठी समुद्रापार रवानगी. मोकळीक होती ती फक्त सैन्यातल्या लोकांना. बंदी उठली ती थेट 1782 मध्ये. पुढे पहिल्या महायुद्धात हायलँड पलटणींचे सैनिक किल्टवर खाकी कापड बांधून खंदकांत उतरले आणि त्यातले कितीतरी परत आलेच नाहीत.

आता, अमक्या कुळाचा अमका टार्टन ही आजची पद्धत बरीचशी एकोणिसाव्या शतकातली आहे, हे मलाही माहीत आहे. 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळा टार्टनचा थाट मांडला आणि त्यानंतर ही हौस फोफावली. एवढ्यावरून "परंपरा नंतर रचलेली आहे" म्हणत ती झटकून टाकणारे मला इथे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. ज्या कपड्यांत पिढ्यान्‌पिढ्या माणसं आपल्या माणसाला निरोप द्यायला गेली, ते कपडे त्यांचेच. सप्टेंबर 2022 मध्ये राणी एलिझाबेथची शवपेटी एडिंबराच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये होती, तेव्हा तिच्यापाशी पहाऱ्याला उभा राहिलेला राजा चार्ल्सही किल्टमध्येच होता.

माहेरच्या ग्रुपला एवढंच सांगते, की आपल्याकडे बापाला अग्नी देणारा मुलगा धोतर नेसून उभा राहतो. एरवी वर्षभर तो पँटमध्ये वावरतो, म्हणून त्या दिवशी त्याला कुणी जाब विचारत नाही.

इथे शवपेटी कबरीत सोडताना घरची माणसं दोर धरतात. कुणी कुठला दोर धरायचा हे आधी ठरतं आणि तसं नंबर घातलेलं कार्ड हातात मिळतं. डोक्याकडचा पहिला दोर नवऱ्याकडे होता, पायांकडचा नणंदेकडे. पूर्वी इथल्याही बऱ्याच गावांत बायका कबरीपर्यंत जात नसत, आपल्याकडे स्मशानात जाऊ देत नाहीत तसंच. आता ती दोर धरून उभी राहिली आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला ते फार बरं वाटलं. तिचं किल्टबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही. सूटच बरा दिसला असता, असं ती नंतर जेवणाच्या वेळीही म्हणाली. वडील तिचेही होते, म्हणून मी तिथे काही बोलले नाही.

इथे राहणारे मराठी मित्र विचारतात, शेजारी किंवा सहकारी गेला तर आपण किल्ट घातलेला चालेल का? चालतो. ब्लॅक वॉचसारखा टार्टन कुणीही घालावा, त्यासाठी त्या कुळातलं असावं लागत नाही. भाड्याने घेणार असाल तर अंत्यविधीसाठी हवाय हे दुकानात आधीच सांगा, नाहीतर लग्नाचा सेट गळ्यात पडतो. आणि घरच्यांना एक फोन करून नक्की विचारा, कारण हल्ली काही घरी गेलेल्या माणसाच्या इच्छेप्रमाणे काळं टाळून रंगीत कपड्यांत या, असंही सांगतात.