सेकंडहँड एटीव्हीच्या ब्रेकचा तो मेसेज पुढे पाठवू नका

सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एटीव्हीबद्दल (मोटरसायकलसारखं हँडल असलेली, शेतात चालणारी चारचाकी) एक मेसेज फिरतोय: 'जुन्या एटीव्हीचा ब्रेक कमी लागतोय? ब्रेक ऑईल वरपर्यंत भरा, पॅड डिझेलने धुऊन पॉलिश पेपरने घासा, लिव्हर दोन-तीनदा दाबून चालवा. गॅरेजचा खर्च वाचेल.' सांगोल्याच्या डाळिंब बागेत औषधाचे कॅन लादून उतारावरून येणाऱ्या माणसाच्या हा सल्ला जिवावर बेतेल.

आधी ऑईल. ब्रेक ऑईलच्या डबीतली पातळी उगाच उतरत नाही. पॅड झिजून कॅलिपरचा, म्हणजे चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन बाहेर आलेला असतो, नाहीतर कुठेतरी गळती असते. वरून भरलं की दोन्ही खुणा झाकल्या जातात. शिवाय डॉट ३, डॉट ४ या प्रकारचं ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, पाणी मुरलेलं १४० च्या आसपासच उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ होते, ती दाबली जाते आणि लिव्हर थेट मुठीला टेकतो. जुन्यावर नवं ओतून हे पाणी जात नाही. सगळं काढा आणि डबीच्या झाकणावर लिहिलेलंच भरा. इंजिन ऑईल तर अजिबात नको, त्याने रबरी सील फुगतात.

डिझेल? मुळीच नाही. ते पॅडमध्ये मुरतं आणि पकड आणखी जाते. तेल प्यालेले पॅड बदलायचेच. डिस्क मात्र ब्रेक क्लीनरने पुसा.

पॅडवर चकाकी आली असेल तर पॉलिश पेपरचा हलका हात चालतो, एवढं खरं. पण जाडी एक मिलिमीटरवर आली असेल तर घासण्यात अर्थ नाही. एकच पॅड जास्त झिजलाय का, तेही बघा. आपली काळी माती कॅलिपरच्या पिनांवर वाळून बसते, मग कॅलिपर सरकत नाही. पिना काढून साफ करा, ब्रेकचंच ग्रीस लावा.

आता लिव्हर. पंप केल्यावर तो कडक होत असेल तर बहुतेक लाईनमध्ये हवा आहे. पंप करणं हा त्यावरचा इलाज नाही, हवा काढावी लागते. कॅलिपरवरच्या हवा काढायच्या निपलला नळी लावून टोक ऑईलच्या बाटलीत बुडवा. लिव्हर दाबून धरा, निपल उघडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा. डबी रिकामी होऊ देऊ नका. इतकं करूनही दाबून धरलेला लिव्हर हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलेंडरचं, म्हणजे लिव्हर दाबल्यावर ऑईलला दाब देणाऱ्या भागाचं, सील गेलंय. ते बदलेपर्यंत गाडी उभी ठेवा.