खरा बाउमकुखेन खायचा असेल तर साल्झव्हेडलला जा

जर्मनीतल्या मराठी मंडळींना एक कळकळीची विनंती. नाताळात सुपरमार्केटमध्ये बाउमकुखेन या थराथराने भाजलेल्या जर्मन केकची स्वस्त पाकिटं येतात, त्यावरून या केकबद्दल मत बनवू नका. कोरडा, नुसता गोड, वर चॉकलेटचं जाड कवच. तो खाऊन "ठीक आहे" म्हणणारे भेटले की मला मनापासून वाईट वाटतं.

बर्लिनला शिकत होते तेव्हा आमच्या घरमालकीण आजी मला हा केक द्यायच्या. त्या मूळच्या आल्टमार्ककडच्या, म्हणजे साल्झव्हेडल गाव ज्या भागात आहे तिथल्या. केकचा त्रिकोणी तुकडा कधीच नाही, सुरी आडवी धरून कागदासारखे पातळ काप काढायच्या. कापावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसायची आणि जिभेवर ठेवला की बटर आधी कळायचं, साखर नंतर. पुढे नोकरीसाठी बर्लिनला परतले तेव्हा आजी नव्हत्या. मी कॅफेंमधून विचारत फिरले. चीजकेक होता, डोनट होते, बाउमकुखेनसाठी मात्र "डिसेंबरात या."

शेवटी स्टेंडालला गाडी बदलून साल्झव्हेडल गाठलं. तिथं आडवा रूळ जाळासमोर गरगर फिरत होता आणि बाई पळीने त्यावर पातळ पीठ ओतत होत्या. एक थर खरपूस झाला की दुसरा. आपल्या गोव्याच्या बिबिंकसारखंच, घाई केली की सगळं बिघडलं. पीठ ओघळून कडेला वेडेवाकडे कंगोरे येतात, तीच या केकची शान. जर्मनीत बाउमकुखेन म्हणून विकायचा तर बेकिंग पावडर चालत नाही, बटरऐवजी दुसरी चरबी चालत नाही, आणि मैद्याइतकंच बटर व दुप्पट अंडी किमान लागतात. 'साल्झव्हेडलर बाउमकुखेन' या नावाला 2010 पासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षणही आहे.

आणि आज हा केक बारा महिने सहज कुठे मिळतो? जपानमध्ये! कार्ल युखहाइम हा जर्मन मिठाईवाला पहिल्या महायुद्धात चीनमधल्या चिंगदाओत जपान्यांच्या हाती लागला. युद्धकैदी असताना 4 मार्च 1919 रोजी त्याने हिरोशिमाच्या प्रदर्शनात बाउमकुखेन मांडला. ज्या इमारतीत मांडला, ती आज अणुबॉम्ब स्मारक म्हणून उभी आहे. सुटकेनंतर त्याने योकोहामात दुकान काढलं, 1923 च्या भूकंपात ते गेलं, मग कोबेत पुन्हा उभं केलं. जपान्यांनी हा केक लग्नाकार्यात, भेटवस्तूंत असा सामावून घेतला की तो त्यांचाच झाला.

जर्मनीत मात्र हाताने केक करणाऱ्या छोट्या बेकऱ्या एकामागून एक बंद होताहेत. अशा वेळी "एवढा महाग?" हा प्रश्न मला पटत नाही. माणूस तापत्या जाळासमोर उभा राहून एकेक थर भाजतो, त्याचे ते पैसे आहेत. साल्झव्हेडलहून केक पोस्टानेही येतो. छोटाच मागवा, पण तिथलाच मागवा. आणि काप पातळ काढा.