कलम ३२ ला कुटुंब दिसत नाही

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हापासून कित्येक महिने आम्ही ठाणे कोर्टातले वकील जुन्या-नव्या कलमांचा तक्ता खिशात बाळगून होतो. त्या तक्त्यात जुन्या ९४ समोर नवे ३२ आहे. आकडा बदलला, मजकूर १८६० चाच राहिला, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे.

जिवाच्या धाकाने, दुसऱ्याने सक्ती केली म्हणून केलेले कृत्य गुन्हा ठरत नाही, असे हे कलम सांगते. अटी मात्र कडक आहेत. धमकी मृत्यूचीच हवी, कृत्य करताना तो मृत्यू तत्काळ ओढवेल अशी रास्त भीती वाटत असली पाहिजे, आणि मरणार तो कृत्य करणारा स्वतःच असला पाहिजे. आपण होऊन त्या परिस्थितीत शिरलेल्याला सवलत नाही; खून आणि राज्याविरुद्धचे देहान्ताच्या शिक्षेचे गुन्हे यांनाही नाही. स्पष्टीकरणात एक लोहार येतो. दरोडेखोर त्याला पकडतात, तिथल्या तिथे ठार करण्याची धमकी देऊन हत्यारांसह नेतात आणि घराचे दार फोडायला लावतात. तो सुटतो.

हा लोहार आजच्या ठाण्यात आणून पाहू. जांभळी नाक्यावर किल्ल्या करून देणारा एक कारागीर आहे असे समजा. पाठीला पिस्तूल लावून त्याला घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटचे कुलूप उघडायला लावले, तर कलम ३२ त्याच्या बाजूने उभे राहते. पण पिस्तूल न काढता टोळीतल्या एकाने फक्त मोबाइल त्याच्यासमोर धरला, आणि व्हिडिओ कॉलवर कळव्याच्या घरात त्याची सहा वर्षांची मुलगी एका अनोळखी माणसाशेजारी बसलेली दिसली, तर? कुलूप तेच, हात तसेच थरथरणारे, आणि कोणत्याही बापाच्या दृष्टीने ही धमकी पहिलीपेक्षा भयंकर. तरीही कलम ३२ त्याच्या उपयोगाचे नाही. कलम १९ आहे, हे मला ठाऊक आहे, आणि त्याचा वकील म्हणून मी तोही युक्तिवाद करून पाहीन. परंतु मोठी हानी टाळण्यासाठी केलेल्या कृत्याचे ते कलम समोरून येणारी होडी चुकवणारा जहाजाचा कप्तान आणि आग पसरू नये म्हणून घरे पाडणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहे. कोणा टोळीच्या हुकमाने फोडलेले कुलूप त्यात बसवताना बरीच ओढाताण करावी लागते.

ज्या इंग्लंडकडून आपण हा कायदा घेतला, तिथली न्यायालये जबर दुखापतीची धमकीही ग्राह्य धरतात आणि ती जवळच्या नातलगाला दिलेली असली तरी चालते. खुनाला मात्र तिथेही हा बचाव मिळत नाही. १९८७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, हॉव खटल्यात ते ठामपणे सांगितले. तेवढा अपवाद मलाही मान्य आहे.

दुसरी अडचण अधिक ताजी आहे. म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर अडकलेल्या ५०० हून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणले. अशा अड्ड्यांवर पासपोर्ट काढून घेतात आणि टार्गेट चुकले की मारहाण करतात, विजेचे झटके देतात. ऐरोलीचा एखादा मुलगा बँकॉकच्या डेटा एंट्रीच्या नोकरीला भुलून तिथे पोहोचला आणि मार चुकवण्यासाठी त्याने लोकांना फसवले, तर त्याचे काय? मार म्हणजे तत्काळ मृत्यू नव्हे. शिवाय तो आपल्या पायांनी विमानात चढला, हे सरकारी वकील सांगणारच. परिणामी कलम १४३ खाली तो मानवी तस्करीचा बळी आणि कलम ३१८ खाली फसवणुकीचा आरोपी, दोन्ही एकाच वेळी. ब्रिटनने २०१५ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्यात, कलम ४५ घालून, अशा बळींना काही गंभीर गुन्हे वगळता स्वतंत्र बचाव दिला. आपण संहिता नव्याने लिहायला बसलो होतो, तरी हे सुचले नाही.

अटी सैल केल्या तर प्रत्येक आरोपी धमकीची कहाणी रचेल, असे बार रूममधले ज्येष्ठ मित्र म्हणतात. मला ही भीती फारशी पटत नाही, कारण साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम १०८ नुसार असा बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच असतो. उलटतपासणीत त्याला विचारले जाते: ओरडला का नाहीत? खाली वॉचमन होता ना? पोलिसांना फोन दुसऱ्या दिवशी दुपारी का केला? रचलेली कहाणी या प्रश्नांपुढे सहसा टिकत नाही.

न्यायाधीश शिक्षा सौम्य करू शकतात, हा दुसरा युक्तिवाद मला त्याहून कमकुवत वाटतो. शिक्षा कितीही सौम्य असली तरी दोषसिद्धी राहतेच, आणि पुढे नोकरीसाठी पोलीस पडताळणी झाली की त्या मुलाच्या नावापुढे ती दिसते. म्हणून खुनाचा अपवाद आणि पुराव्याचा भार आहे तसा ठेवून, कलम ३२ मध्ये स्वतःच्या किंवा निकटच्या नातलगाच्या मृत्यूची अथवा जबर दुखापतीची धमकी, एवढी दुरुस्ती संसदेने करावी असे माझे मत आहे.