सातचा भोंगा आणि घोडबंदर रोड

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवण्याचे ठरवले. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या ज्या सोसायटीत माझे आईवडील आणि भाऊ राहतात, तिथेही तसे काही करावे, अशी सूचना नुकतीच पुढे आली आणि तिच्यावरची चर्चा, अर्थातच, व्हॉट्सॲपवर रंगली. मेलबर्नमध्ये बसून ती वाचताना सूचनेमागचा हेतू पटला, पण रोख चुकीच्या माणसाकडे वळला आहे असे वाटत राहिले.

वडगावात संध्याकाळी सातला माणसे घरी आलेली असतात. ठाण्यात त्या वेळी निम्मी सोसायटी लोकलमध्ये किंवा माजिवड्याच्या कोंडीत अडकलेली असते, आणि ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये काम करणाऱ्या अनेकांचे अमेरिकेतील ग्राहकांशी बोलणे तेव्हा कुठे सुरू होते. शाळेचा गृहपाठ, क्लासची बदललेली वेळ, पाण्याचा टँकर, सोसायटीची थकबाकी हे सारे फोनवरच येते. अशा माणसाला मनोनिग्रहाचे धडे देण्याआधी त्याच्या उत्तरासाठी कोण खोळंबले आहे, हे विचारायला हवे.

ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून, आणि पंधरापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या व्यवसायांत त्यानंतर वर्षभराने, कामाच्या वेळेबाहेर आलेला संपर्क न पाहण्याचा व त्याला उत्तर न देण्याचा हक्क कर्मचाऱ्यांना मिळाला आहे. साहेबाने मेल पाठवू नये, असे हा कायदा म्हणत नाही. नकार अवाजवी नसावा, एवढीच अट घालतो आणि तो ठरवताना संपर्काचे कारण, पद, मोबदला व घरच्या जबाबदाऱ्या विचारात घेतो. त्यामुळे रात्रीचे मेल थांबलेले नाहीत, पण उत्तर न देणारा कामचुकार ठरण्याची भीती, निदान माझ्या ऑफिसात, कमी झाली आहे. सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवू न देण्याचा नियम १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यातून पळवाटा काढण्यात मुले हुशार आहेत आणि तो नियम मला पूर्णपणे पटतही नाही. पण तिथेही दंड मुलाला किंवा पालकाला नसून कंपनीला आहे, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत.

आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेबाहेर उत्तर न देण्याच्या हक्काचे खासगी, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडायचे, विधेयक लोकसभेत एकदा मांडले होते आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. खासगी सदस्याच्या विधेयकाचा कायदा झाल्याचे १९७० नंतर घडलेले नाही, त्यामुळे फार आशा बाळगण्यात अर्थ नाही.

मात्र सोसायटीला संसदेसाठी थांबण्याची गरज नाही. रहिवाशांचे फोन बंद करण्यापूर्वी कमिटीने रात्री नऊनंतर आपल्या ग्रुपवर काही टाकायचे नाही, असा ठराव आधी करावा. लिफ्ट बंद पडणे किंवा आग यांसाठी गेटवरचा इंटरकॉम आहेच. पालकांनीही शाळेकडे तसाच आग्रह धरावा. संध्याकाळच्या दीड तासाची गोष्ट त्यानंतर काढली, तर माझा भाऊही बहुधा हो म्हणेल. सध्या त्याचा ठाम विरोध आहे आणि मला तो रास्त वाटतो.